सहा लाख फेरे

"मावशी, जरा हस की."

"घाण्यावर हसत नसत्यात."

"का? तेल आंबट होतं?"

"बैल थांबतो."

आणि खरंच कवड्या थांबला. डोळ्यांवर झापड बांधलेला तो बारा वर्षांचा बैल कान हलवत उभा राहिला, घाण्याची करकर बंद पडली आणि माझा चौथा व्हिडिओ वाया गेला. मी मोबाइल खाली घेतला आणि बैलाला, मावशीला आणि पुण्यातल्या आमच्या क्लासच्या सरांना मनातल्या मनात एकेक शिवी हासडली.

मावशीनं कवड्याला चुचकारलं. पण तो पुढं जायच्या ऐवजी अर्धं पाऊल मागं सरला. मावशी तेव्हा पासष्टीची, गुडघ्यांनी जेरीस आलेली. पण अशी काही उठली की मला वाटलं साप निघाला. तिनं जुवाला दोन्ही हात लावून बैल अडवला, तांब्यातलं पाणी घाण्याभोवती शिंपडलं, काहीतरी पुटपुटली आणि मगच त्याला पुढं हाकललं.

"काय झालं गं?"

"काय न्हाई. घाणा माघारी जाऊ द्यायचा नसतो."

"का?"

"नसतो म्हंजी नसतो. तू तुजं फोटो काढ."

मी फोटो काढले. तेव्हाच आणखी एकदा 'का' विचारलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण माझं लक्ष सगळं उजेडाकडं होतं. पत्र्याच्या भोकातून दुपारचं ऊन नेमकं तेलाच्या धारेवर पडत होतं आणि मला ते वाया घालवायचं नव्हतं.

याला आता सहा वर्षं झाली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. पुण्यात डिजिटल मार्केटिंगचा चार महिन्यांचा कोर्स करून, दोन नोकऱ्या धरून आणि दोन्ही घालवून परंड्याला आईबापाच्या घरी परत आले होते. अनुसया मावशी, म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण, दोन गल्ल्या सोडून राहायची. अख्ख्या तालुक्यात बैलावर चालणारा लाकडी घाणा तेवढा तिचाच उरला होता. गिऱ्हाईक म्हणाल तर दिवाळीला येणारी चार घरं आणि गुडघेदुखीवाले सहा. काका जाऊन सात वर्षं झाली होती. घाणा बंद कर म्हणून आई तिला दर सणाला सांगायची, आणि मावशीचं उत्तर ठरलेलं असायचं.

"संदिपान आला आन् घाणा दिसला न्हाई, तर तो दारातनंच माघारी जाईल."

संदिपान दादा म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा. या सगळ्याच्या अकरा वर्षं आधी भर दुपारी तो घाण्यावरून निघून गेला. त्यानं विजेच्या यंत्राचा कागद आणला होता आणि थोरला बैल बाजारात न्यायचं म्हणत होता. शब्दाला शब्द वाढला आणि मावशीनं तीन गिऱ्हाइकांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली. हात तेलाचा होता. गालावर पाच बोटं तेलासकट उमटली. ती न पुसता तो अनवाणी चालता झाला. मी तेव्हा तेरा वर्षांची, ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. दार ठेंगणं असल्यामुळं तो बाहेर पडताना वाकला, एवढं मला पक्कं आठवतं. त्याच्या चपला तेव्हापासून घाण्याच्या खोलीत खिळ्याला लटकत होत्या. गावातले लोक कधी तो सुरतेला दिसला म्हणायचे, कधी हैदराबादला. मावशी प्रत्येकाला चहा पाजायची.

तर हा घाणा जगवायचा, असं मी ठरवलं. मावशीवर माया होती हे खरं, आणि पुण्यात तोंडावर आपटलेली मी गावात तरी काहीतरी करून दाखवावं ही खुमखुमीही होती. मावशीच्या आडनावावरून 'करडिले घाणा' असं नाव ठेवलं. कवड्याचं तोंड काढून चिन्ह बनवलं. इन्स्टाग्रामवर पान उघडलं. मावशीला मी समजावून सांगितलं की आपलं नाव आधी लोकांच्या डोळ्यांखालून शंभरदा गेलं पाहिजे, मग एखाद्या दिवशी तेल संपलं की तेच नाव तोंडावर येतं.

"आन् तवर?"

"तोवर नाव घ्यायला लावायचं लोकांना."

"नावं ठिवायला लोकांना सांगावं लागत न्हाई, घ्यायला लावायचं अवघड," मावशी म्हणाली.

तिचं बरोबर निघालं. पहिल्या महिन्यात अकरा व्हिडिओ टाकले. शुद्ध तेल, निर्भेळ तेल, आजीच्या हातचं तेल. चाळीसच्या वर कुणी बघायला तयार नाही, त्यातले तीस आमचेच पाव्हणे. उरलेल्या दहांत मी स्वतः.

आमचे सर वर्गात एक वाक्य घोटून घ्यायचे, की तेल विकू नका, तेलामागची गोष्ट विका. आणि गोष्ट तर तिथं खिळ्याला टांगलेली होती. मी एकदा मावशीला विचारलंही.

"मावशी, दादाबद्दल दोन शब्द बोलशील का? कॅमेऱ्यासमोर?"

ती करडई चाळत होती. चाळणी थांबली.

"ते सोडून काय बी इचार, केतके."

"अगं, पण लोकांना..."

"माज्या लेकराचं नाव तेलाच्या डब्याला चिकटवायचं न्हाई."

मी बरं म्हणाले. आणि चार दिवसांनी नेमकं तेच केलं.

त्या दुपारच्या चित्रणातला एक तुकडा मी घरी बसून उलटा करून पाहिला. सहज, गंमत म्हणून. तसं हल्ली सगळेच करतात, कुणी पाण्यातून उडी मारून काठावर येतं, कुणी फुटलेला माठ जोडतं. पण हे उलटं झालेलं पाहून माझ्याच अंगावर काटा आला. भांड्यातलं तेल दोरीसारखं वर चढत होतं आणि घाण्याच्या पोटात शिरत होतं. चिरडलेली करडई पुन्हा टपोरी होत होती. आणि डोळे बांधलेला कवड्या संथपणे, एकही पाऊल न चुकता, मागं मागं चालत होता. सात सेकंदांचा तुकडा. संपला की आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. मी तो किती वेळ बघत बसले कोण जाणे, आई जेवायला हाका मारून दमली.

त्याखाली मी लिहिलं, 'अकरा वर्षांपूर्वी या घाण्यावरून एक मुलगा रागावून निघून गेला. त्याच्या आईनं घाणा अजून थांबवलेला नाही. संदिपान, परत ये.' आणि शेवटच्या तीन शब्दांचा हॅशटॅग केला. मावशीकडं बटणांचा साधा फोन. तिला कोण सांगणार होतं?

संध्याकाळपर्यंत आठ हजार लोकांनी बघितलं. तिसऱ्या दिवशी लाख. पाचव्या दिवशी दोन लाख. खाली शेकडो, मग हजारो माणसं एकच वाक्य लिहीत होती. नागपूरची कॉलेजची मुलगी, दुबईतला कुणी ड्रायव्हर, ठाण्याच्या आजी. संदिपान, परत ये. संदिपान, परत ये. मी ते वाचायचे आणि गुदगुल्या झाल्यासारखी हसायचे. तेलाच्या मागण्या इतक्या आल्या की वहीवर लिहून लिहून बोटं दुखली. मावशी आणि कवड्या सकाळपासून जुंपलेले असायचे, मी डबे भरायचे, चिकटपट्टी लावायचे.

"एवढी माणसं कुठनं आली गं?" मावशीनं विचारलं.

"फोनमधून."

"फोनमदनं माणसं यायला लागली व्हय," ती म्हणाली आणि घाण्यावर हसत नाहीत हे विसरून हसली. तिला इतकं आनंदी मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. मला वाटलं, जिंकलं आपण.

त्याच आठवड्यात कवड्या अडायला लागला. प्रत्येक फेऱ्याला तो दारासमोर आला की थांबायचा, मान खाली घालायचा, दोन श्वास घ्यायचा आणि पुढं निघायचा. एखाद्याला आधी जाऊ द्यावं तसा. मावशीनं खूर बघितले, काटा नव्हता. जू बदललं. झापड सोडून पुन्हा बांधलं. तरी तेच. मागण्या तुंबत होत्या आणि बैलाला शिष्टाचार सुचत होते, मी चिडून म्हणालेही.

"ऊन लागत असंल," मावशी म्हणाली. पण पुढच्या फेऱ्याला ती त्याच्याकडं न बघता दाराकडं बघत होती.

आता शहरांबद्दल सांगते. आपला व्हिडिओ कोणत्या गावातून जास्त पाहिला जातो, याची यादी पान चालवणाऱ्याला दिसते. ती मी रोज सकाळी चहासोबत बघायचे. पुणे, मुंबई वर असणार हे ठरलेलं. पण त्यांच्याही वर, पहिल्या दिवशी सुरत होतं. असेल, तिकडं आपली माणसं पुष्कळ आहेत. चौथ्या दिवशी सुरत यादीतून गायब आणि सगळ्यात वर नवापूर. नवापुरात लोक किती आणि त्यांनी काय एवढं आमच्या बैलाचं घ्यावं! सातव्या दिवशी धुळे. नवव्या दिवशी चाळीसगाव. मग कन्नड. आदल्या दिवशीचं गाव दुसऱ्या दिवशी यादीत नावालाही नसायचं.

मी आईला म्हणाले, "बघ, गावोगाव पोचतोय आपण." ती म्हणाली, "छान."

पैठण आलं त्या दिवशी मी फोनमधला नकाशा उघडला. खरं तर वेळ जात नव्हता म्हणून. सगळ्या गावांवरून बोट फिरवलं. ती गावं इकडंतिकडं विखुरलेली नव्हती. एका रस्त्यावर होती, एकापुढं एक. दोन गावांमधलं अंतर दिवसांनी भागलं की उत्तर दर वेळी तेच यायचं. पस्तीस, चाळीस किलोमीटर. गाडी एवढी हळू जात नाही. एवढं माणूस चालतं, दिवसभर, न थांबता.

मी स्वतःला वेड्यात काढलं. भीती ही घरच्या मांजरासारखी असते, लक्ष दिलं की अंगावर येते. दोन दिवस मी यादी उघडलीच नाही. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही. जामखेड.

त्याच दिवशी सहा लाखांचा आकडा झाला. मी भ्याले होते, म्हणूनच बहुधा मला कुणालातरी हे दाखवून 'अगं, किती छान' असं ऐकायचं होतं. मी मावशीकडं गेले. ती पेंडेचे गोळे करत बसली होती.

"मावशी, तुला आपली रील दाखवते. ह्याच्यामुळंच सगळं झालं."

तिनं पदरानं हात पुसून मोबाइल लांब धरला. सात सेकंद. पुन्हा सात सेकंद. पुन्हा. तिचा चेहरा आधी नुसता गोंधळलेला होता. मग तिला कळलं की बैल मागं चालतोय.

"हे कुणी केलं?"

"मीच. फोनमध्ये उलटं करता येतं."

"म्हंजी... बगंल त्याच्या म्होरं घाणा उलटा फिरतो?"

"हो. सहा लाख वेळा बघितलंय लोकांनी."

तिनं मोबाइल इतक्या हळूच खाली ठेवला की जणू तो भरलेला दिवा होता.

"आन् खाली काय लिवलंय?"

खोटं बोलता आलं असतं. तिला वाचता येत नव्हतं. पण माझ्या तोंडून खोटं निघेना. मी वाचून दाखवलं. शेवटच्या तीन शब्दांसकट.

मावशी मला मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "नाव बी घेतलंस."

मग तिनं मला सांगितलं, जे अकरा वर्षांत सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. तिच्या सासूनं तिला नवी नवरी असताना सांगून ठेवलेलं. घर सोडून गेलेलं माणूस परत आणायचं असेल तर त्याचं नाव घेऊन घाणा उलटा फिरवायचा. सात फेरे. ते जिथं असेल तिथून निघतं आणि थेट घाण्यावर येतं.

"मग तू का नाही फिरवलास? अकरा वर्षं वाट बघत बसलीस ती?"

"जित्तं असलं तर जित्तं येतं, केतके," मावशी म्हणाली. "आन् नसलं तरी येतं."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"रोज सकाळी वाटायचं, आज फिरवावा. आन् रोज वाटायचं, नगं. न्हाई फिरवला तर तो कुठंतरी हाय. कुठं का असंना, हाय. फिरवला तर कळंल." तिनं पेंडेचा गोळा उगाच दाबला, तो फुटला. "मला कळून घ्यायचं न्हवतं गं."

मी मोबाइल उचलला. "मी पुसते. आत्ता पुसते. सगळं काढून टाकते."

"थांब. कुठवर आलाय?"

ती असं विचारेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. गावांबद्दल मी तिला एक अक्षर बोलले नव्हते.

"तुला कसं..."

"कवड्या वाट देतोय आठ दिस झालं. कुठवर आलाय?"

"जामखेड," मी म्हणाले.

"आन् निगाला कुठनं?"

"सुरत."

मावशी भिंतीला टेकून खालीच बसली. तिनं खिळ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "तो गेल्यावर वर्षानं तिकडनं पोलिसांचा फोन आल्ता. कालव्यात कोण घावलंय, खिशात परंड्याची चिठ्ठी हाय म्हणून. तुजा काका गेला. तीन दिसांनी आला. म्हनला, आपला न्हवं."

"मग?"

"घरात पाय टाकायच्या आदी येशीवरच्या हिरीवर आंगूळ करून आला. लांबचा परवास, आंग चिकाट झालं म्हनला." तिनं माझ्याकडं बघितलं. "केतके, परवासातनं आल्यालं माणूस घरी येऊन आंगूळ करतं. हिरीवर कोण करतं, तुला ठावं हाय."

मला ठाऊक होतं. आपल्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. स्मशानातून आलेला माणूस.

"म्या इचारलं न्हाई. त्यानं सांगितलं न्हाई. एकट्यानं अग्नी दिला आसंल पोराला, आन् येऊन माज्यासंगं भाकरी खाल्ली. तीन वर्सं त्यानं ते पोटात ठिवलं आन् संगं घिऊन गेला."

मी रडायला लागले. रडत रडत पुन्हा तेच म्हणाले, मी पुसते, माझं चुकलं, मी पुसते. बोट त्या बटणावर ठेवलंही होतं. मावशीनं माझं मनगट धरलं. तिच्या हाताची पकड घाण्याच्या बाईची होती.

"आता पुसू नगंस. एवढं चालून आलंय लेकरू. अर्ध्या वाटंत सोडायचं व्हय त्याला?"

दुसऱ्या दिवशी यादीत सगळ्यात वर खर्डा होतं. त्याच्या पुढच्या दिवशी भूम. आमच्यापासून तासाभराच्या आतला रस्ता.

मावशीनं त्या रात्री शेंगा भाजून कूट केलं आणि सकाळी उठून शेंगांच्या पोळ्या लाटल्या. मी तिच्याकडंच झोपले होते, म्हणजे पडले होते. तिनं खिळ्यावरच्या चपला काढल्या, वादी कडक झाली होती तिला तेल चोळलं आणि उंबऱ्याच्या आत ठेवल्या, तोंड घराकडं करून. मी यादी उघडली. पुण्यामुंबईच्या वर परंडा. आमच्या गावात तो व्हिडिओ बघणारे साठ लोकही नव्हते.

"आला?" मावशीनं विचारलं.

मी मान हलवली.

तिनं कवड्याला रोजच्यासारखं जुंपलं. झापड बांधलं. करडई टाकली. घाणा करकरायला लागला, तेलाची धार सुरू झाली. मी कोपऱ्यात पोत्यावर बसले होते. आईला बोलावू का म्हणाले तर मावशी नको म्हणाली. ऊन चढत गेलं. बाहेर रस्त्यावर नेहमीची वर्दळ होती, भोंगे, भाजीवाल्याची हाळी. बाराच्या सुमाराला ते सगळं एकेक करून बंद झालं. मी असं कधी ऐकलं नव्हतं. नुसती करकर आणि आमच्या तिघांचा श्वास.

मग करकरही थांबली.

कवड्या दारासमोर उभा होता. मान खाली. मी मनात श्वास मोजले. दोन. तीन. दहा. तो पुढं निघाला नाही.

मावशीनं त्याला हाकललं नाही. ती उठली, त्याच्याजवळ गेली आणि त्याचं झापड सोडलं. जुंपलेल्या बैलाचं झापड सोडताना मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. कवड्यानं डोळे मिचकावले, दाराकडं बघितलं. दारात कुणी नव्हतं. पांढरं ऊन होतं. कवड्यानं मान लांब केली, जीभ काढली आणि हवेत खालून वर, सावकाश चाटलं. वासरू असताना संदिपान दादा त्याला तळहातावर पेंड चारायचा. तसं चाटलं त्यानं, परत परत, तळहात स्वच्छ होईपर्यंत.

"आलास व्हय रं," मावशी म्हणाली.

तिच्या आवाजात भीती नव्हती. शाळेतून उशिरा आलेल्या पोराला विचारावं तसा होता तो. मी मात्र पोत्याचं कापड मुठीत घट्ट धरून बसले होते.

"दमला आसशील. लई लांबनं आलास." ती थांबली. ऐकत असावी. मला काही ऐकू आलं नाही. "संदिपान, म्या चार माणसात हात उचलाया नगं हुता. यंतर आणू दिलं आसतं तर काय घाणा मेला आसता? माजं चुकलं. अकरा वर्सं म्हनायचं हुतं, माजं चुकलं रं राजा."

मग ती वाकली आणि ताज्या तेलाच्या भांड्यात ओंजळ बुडवली.

"ये. टाळू भरते. खाली हो जरा."

दादा सहा फूट होता. मावशी त्याच्या छातीला लागायची. पण तिला टाचा उंचवाव्या लागल्या नाहीत. तिनं ओंजळ आपल्या खांद्याएवढीच वर नेली आणि उलटी केली.

मी चार हातांवर होते. पत्र्याच्या भोकातलं ऊन नेमकं तिच्या हातांवर पडत होतं. मी सगळं पाहिलं आणि आजही कुणी विचारलं तर हेच सांगेन. तेलाची धार तिच्या ओंजळीतून वीतभर खाली आली आणि तिथं संपली. जमिनीवर एक थेंब पडला नाही. मावशी दोन्ही हातांची बोटं हवेत गोल गोल फिरवत चोळत राहिली, लहान बाळाची टाळू चोळतात तशी. मग तिनं पदराचं टोक घेतलं आणि जरा खाली, डाव्या बाजूला, जपून पुसलं.

"तसंच ठिवलं व्हतंस व्हय गालावर," ती म्हणाली. आणि तेव्हा ती रडली.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. बाहेर भाजीवाल्याची हाळी पुन्हा ऐकू आली. कवड्यानं नाक फुरफुरवलं. मावशीनं डोळे पुसले, कवड्याचं झापड पुन्हा बांधलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "केतके, आता पूस."

मी पुसलं. सात सेकंद, सहा लाख फेरे, हजारो लोकांनी घेतलेलं ते नाव, सगळं एका बोटासरशी गेलं. मावशीनं घाणा सरळ फिरवला, सात फेरे, स्वतः मोजून. दारासमोर कवड्या एकदाही थांबला नाही. मग तिनं त्याला सोडलं, घाणा झाकला आणि मला म्हणाली की दहा दिवस तेल मिळणार नाही असं तुझ्या लोकांना कळव.

मी लिहिलं, 'करडिले घाणा दहा दिवस बंद आहे. घरात सुतक आहे.' गोष्ट नाही, चित्र नाही, हॅशटॅग नाही. त्यानंतर मी सहा वर्षं बऱ्याच लोकांचा माल खपवून दिला, पण कुणाच्या खिळ्यावरच्या चपलेला हात लावला नाही.

पाच मिनिटांत विचारणा सुरू झाली. काय झालं? कोण गेलं? आजी बऱ्या आहेत ना? फोन हातात थरथरत होता. मावशी विहिरीवर निघाली होती, खांद्यावर कोरडं लुगडं घेऊन.

"मावशी, लोक विचारतायत कोण गेलं म्हणून. काय लिहू?"

ती उंबऱ्यावर थांबली. तिथं ठेवलेल्या चपलांकडं तिनं एकदा पाहिलं.

"लिव," ती म्हणाली, "गेलं कोण न्हाई. आमचा मुलगा घरी आला."